दाढीनंतर मानेवर पुन्हा पुन्हा पुळ्या येतात? स्क्रब कधी करायचा, कशाने आणि किती

दाढीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जबड्याखाली आणि गळ्याच्या घाटीभोवती बारीक, टोकदार पुळ्या उठतात. हात फिरवला की खरखर लागते, कॉलर घासली की चुरचुरते. चार-पाच दिवसांत बसल्यासारख्या वाटतात, जाताना काळसर डाग सोडतात आणि पुढच्या दाढीनंतर त्याच जागी परत येतात. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून ही तक्रार मी बारा महिने ऐकतो. उन्हाळ्यात आणि लग्नसराईत जरा जास्तच. मागणीही ठरलेली असते: "भाऊ, पिंपल्सची एखादी कडक ट्यूब देऊन द्या ना. फेसवॉश बदलला, गोळ्या खाल्ल्या, तरी येऊनच राहिले."

यातल्या बऱ्याच जणांना पिंपल्स नसतातच. कापलेला केस सरळ बाहेर न येता कातडीत रुतलेला असतो, आणि त्या रुतलेल्या केसाभोवती सूज आलेली असते. त्यामुळे पिंपल्सची गोळी लागू पडत नाही आणि माणूस ट्यूबमागून ट्यूब बदलत राहतो.

यावर "स्क्रब करा" हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. वरची मृत कातडी नियमित निघाली तर केस रुतायचं प्रमाण कमी होतं, हे खरं. मात्र केस कापायची पद्धत जुनीच राहिली तर कितीही घासा, पुळ्या परत येणार. आणि चुकीच्या दिवशी, चुकीच्या वस्तूने घासलं तर पूर्वीपेक्षा जास्त येणार. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र सांगतो.

आधी ओळखा, मग लावा

रुतलेल्या केसाची पुळी फक्त तिथेच येते जिथे वस्तरा फिरतो. कपाळावर, नाकावर, पाठीवरही पुळ्या असतील तर ते मुरुम आहेत, त्यांचा रस्ता वेगळा. दाढी झाल्या झाल्या आग होऊन मान लाल झाली आणि एक-दोन दिवसांत निवळली, तर ती वस्तऱ्याने झालेली नुसती जळजळ. रुतलेला केस वेळ घेतो. तो थोडा वाढावा लागतो, वळावा लागतो, तेव्हा कुठे पुळी दिसते.

एकच मोठं, ठणकणारं, गरम लागणारं गळू आलं असेल तर ते केसतोड. तो जंतुसंसर्ग आहे, त्यावर स्क्रब अजिबात करायचा नाही. पिवळ्या पुवाच्या पुळ्या झपाट्याने पसरत असतील, त्यावर खपली धरत असेल, तरी तेच. आणि गोल चट्टा, कडेला उठावदार, मध्ये कोरडा, भयंकर खाज, केस ओढले की सहज हातात येतात, असं असेल तर बुरशीची शंका घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे हे फार दिसतं. घासल्याने बुरशी पसरते, म्हणून तिथेही हात आवरा.

शंका असेल तर एक साधी कसोटी आहे. शक्य असल्यास तीन-चार आठवडे वस्तरा पूर्ण बंद ठेवा. पहिल्या आठवड्यात पुळ्या उलट वाढल्यासारख्या वाटतील, कारण आधी कापलेले आखूड केस अजून वळत असतात. पुढे केस लांब होत गेले की ते स्वतःच्या ताणाने आपोआप बाहेर सुटतात आणि मान मोकळी होते. असं झालं तर दुखणं केसाचंच होतं, हे नक्की.

केस आत वळतो कसा

केस दोन प्रकारांनी रुततो. पहिल्या प्रकारात तो कातडीतून बाहेर येतो, वळतो आणि शेजारीच एक-दोन मिलिमीटरवर पुन्हा आत शिरतो. दुसऱ्या प्रकारात तो बाहेर येतच नाही. दाढी करताना कातडी ताणली किंवा केस ओढून कापला गेला की त्याचं टोक कातडीच्या पातळीच्या खाली मागे सरकतं, आणि वाढताना ते आतल्या आत केसाच्या नळीची भिंत टोचतं. दोन्हीकडे शरीराच्या लेखी तो काट्यासारखा परका पदार्थ असतो. म्हणून सूज येते, कधी पाणी किंवा पूही होतो, आणि त्या पुवात जंतू असतीलच असं नाही.

कुरळ्या, राठ केसांच्या माणसाला हा त्रास जास्त. मानेवरचे केस तर कातडीला जवळजवळ चिकटून, आडवे वाढतात, त्यामुळे गाल स्वच्छ आणि मान खराब असं चित्र नेहमी दिसतं. त्यात वस्तऱ्याने केस तिरका कापला जातो. बोरूची लेखणी छाटावी तसं त्याला टोक येतं, आणि ते टोक कातडीत सहज शिरतं.

तीन-चार-पाच पात्यांच्या रेझरची गोम इथेच आहे. पुढचं पातं केस उचलून ओढतं, मागचं कापतं. दाढी गुळगुळीत होते ती यामुळेच, कारण केस कातडीच्या खाली कापला जातो. ज्याचे केस सरळ आहेत त्याला काही होत नाही. कुरळ्या केसाच्या माणसासाठी तीच गुळगुळीत दाढी पुढच्या आठवड्याच्या पुळ्यांची पेरणी असते.

मग मृत कातडीचा संबंध काय? केसाच्या छिद्रावर मेलेल्या पेशी, तेल, घाम, वाळलेला साबण यांचा पातळ थर साचतो. नवा केस वर येतो तेव्हा तो थर अडवतो आणि केस आडवा होतो. थर निघाला तर वाट मोकळी होते. एवढंच काम स्क्रब करतो. केसाचा कुरळेपणा तो बदलत नाही आणि आधीच खोल रुतलेला केस ओढून काढत नाही. त्यामुळे दाढी दुरुस्त केल्याशिवाय नुसत्या स्क्रबवर भिस्त ठेवू नका.

कशाने घासायचं

माझी पहिली पसंती जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती पंचाच्या तुकड्याला. तळहाताएवढा तुकडा कोमट पाण्यात भिजवा, साध्या सौम्य फेसवॉशचा थोडा फेस घ्या आणि मानेवर, जबड्याखाली लहान लहान गोल फिरवत अर्धा ते एक मिनिट घासा. दाब किती? डोळ्याच्या पापणीवरून बोट फिरवताना जेवढा देतो तेवढा. घासून झाल्यावर मान लाल दिसली तर दाब जास्त झाला. गोल फिरवल्याने कातडीही निघते आणि नुकतेच वळू लागलेले केस उचललेही जातात. तुकडा दर वेळी धुऊन उन्हात वाळवायचा, आणि घरात प्रत्येकाचा वेगळा. ओला, कुबट तुकडा नको.

अक्रोडाच्या सालीचा किंवा जर्दाळूच्या बियांचा दाणेदार स्क्रब मी मानेसाठी देत नाही. त्याचे दाणे वेडेवाकडे असतात, कडेने बारीक ओरखडे काढतात. साखर-लिंबू, मीठ, खायचा सोडा, टूथपेस्ट हे घरगुती प्रयोगही नकोत. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर वेगळाच काळा चट्टा पडतो. मसुरीचं जाडसर पीठ किंवा दिवाळीचं उटणं हातापायांना खुशाल लावा, पण पुळ्या असलेल्या मानेवर रगडू नका. टाचा घासायची वज्री मानेवर फिरवणारे लोक मला भेटले आहेत. कळकळीने सांगतो, हे करू नका.

आता वेळ, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. दाढी झाल्यावर लगेच स्क्रब करायचा नाही. वस्तरा स्वतःच वरचा थर खरवडून काढतो. त्यावर पुन्हा घासलं तर खाली राहिलेली नाजूक कातडी सोलली जाते, सुजते, आणि सुजलेल्या कातडीत छिद्रं आणखी आवळतात. पंचाचा तुकडा फिरवायचा तो दाढीच्या आधी, अंघोळ करताना, कातडी भिजलेली असताना. दाढी एक दिवसाआड करत असाल तर मधल्या दिवशी रात्री एकदा हलकं घासलं तरी चालतं. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. रोज घासल्याने लवकर गुण येतो हा समज सोडा.

बाटलीतलं अ‍ॅसिड

अ‍ॅसिड म्हटलं की लोक दचकतात, पण मानेसाठी मला ते दाणेदार स्क्रबपेक्षा सुरक्षित वाटतं, योग्य प्रमाणात असेल तर. ते पेशींना जोडून ठेवणारा चिकटा सैल करतं, मग कातडी घासल्याशिवाय सुटते.

तेलकट चेहऱ्याला सॅलिसिलिक अ‍ॅसिड बरं. ते तेलात विरघळतं, त्यामुळे छिद्राच्या आत जातं. १ किंवा २ टक्के एवढंच घ्या, त्यापुढचं डॉक्टरशिवाय नको. फेसवॉशमध्ये असेल तर फेस मानेवर एक मिनिट राहू द्या, मग धुवा. लावलं-धुतलं असं केलं तर पैसे नालीत जातात. ज्यांना अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी सॅलिसिलिक टाळावं.

कोरड्या कातडीला ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक अ‍ॅसिड जमतं. ग्लायकोलिक ५ ते ८ टक्क्यांचं, लॅक्टिक त्याहून सौम्य. दोन्ही जातींचं अ‍ॅसिड एकाच वेळी सुरू करू नका. एकाने जळलं तर कोणतं जळलं ते कळत नाही.

आधी कानामागे किंवा जबड्याच्या कोपऱ्यावर थोडं लावून दोन दिवस थांबा. काही झालं नाही तर रात्री, कोरड्या मानेवर, पातळ थर, आठवड्यातून दोनदा. दोन-चार सेकंद टोचल्यासारखं होणं चालतं. आग होत राहिली तर लगेच पाण्याने धुऊन टाका आणि आठवडाभर काही लावू नका. दाढीच्या दिवशी रात्री शक्यतो लावायचं नाही, आणि ज्या रात्री लावलं त्याच्या दुसऱ्या सकाळी शक्यतो दाढी नको. ज्यांना रोज दाढी करावीच लागते त्यांनी रोजच्यासाठी सॅलिसिलिकचा फेसवॉश आणि साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री अ‍ॅसिड, असा मेळ बसवावा. लावल्यानंतर वरून साधं, बिनसुगंधी मॉइश्चरायझर लावलं तर उत्तम.

फरक किती दिवसांत? कातडीचा थर बदलायला साधारण महिना लागतो. आठ दिवसांत काहीच झालं नाही म्हणून बाटली फेकणारे गिऱ्हाईक मी थांबवतो. सहा ते आठ आठवडे एकच गोष्ट नेटाने करा, मग ठरवा.

दाढी बदला, नाहीतर वरचं सगळं वाया

पोलीस प्रशिक्षणातला एक मुलगा सुट्टीत आला होता. रोज सकाळच्या परेडला दाढी गुळगुळीत लागते, आणि मान अशी की शर्टाचं वरचं बटण लावता येत नाही. मी त्याला ट्यूबलाइटकडे तोंड करून हनुवटी वर करायला लावली. जबड्याच्या कोपऱ्याखाली एका पुळीत काळी रेघ स्पष्ट दिसत होती: एका टोकाला केस बाहेर, मध्ये कमान, दुसरं टोक कातडीत. बाजूला तशाच चार-पाच. कशी करतो म्हणून विचारलं तर म्हणाला, "काका, पाच पात्यांचा रेझर, एका हाताने गाल ताणतो, एकदा सरळ, एकदा उलटा. नाही तर उस्ताद ओरडते." ताण, उलटा हात आणि पाच पाती, तिन्ही कारणं एकाच दाढीत. त्याला मी त्या दिवशी एकही ट्यूब दिली नाही. एक पात्याचा साधा सेफ्टी रेझर, ब्लेडचं पाकीट आणि सॅलिसिलिकचा फेसवॉश एवढंच दिलं.

त्याला सांगितलं तेच इथे लिहितो. दाढी अंघोळीनंतर करा, केस भिजून मऊ झालेले असतात. कढत पाणी नको, कोमट पुरे. क्रीम लावून दोन-तीन मिनिटं तसंच ठेवा, ब्रशने फेटा. घाईच्या सकाळी लोक नेमकी हीच दोन मिनिटं वाचवतात.

मग केसांची दिशा. दोन दिवस वाढलेल्या दाढीवर बोटं फिरवून पाहा. ज्या बाजूने गुळगुळीत लागतं ती केसांची दिशा. गालावर बहुतेकांचे केस खाली जातात, पण मानेवर काहींचे वर येतात, काहींचे घाटीच्या बाजूला आडवे जातात, उजवीकडे एक आणि डावीकडे दुसरंच असंही असतं. आरशासमोर उभं राहून एकदा नीट शोधा आणि लक्षात ठेवा. वस्तरा त्या दिशेनेच न्यायचा, हलक्या हाताने, कातडी न ताणता, एकाच फेरीत. प्रत्येक ओढीनंतर पातं धुवा. थोडे खुंट हाताला लागतील, लागू द्या. सगळे केस एकाच पातळीवर साफ करायचा हट्ट सोडला की अर्धं दुखणं जातं.

पातं पाच ते सात दाढ्यांनंतर बदला. बोथट पातं केस कापत नाही, ओढतं. रेझर बाथरूमच्या ओल्या कोपऱ्यात न ठेवता झटकून कोरड्या जागी ठेवा. घरी बोअरवेलचं जड पाणी असेल, शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांमध्ये ते सर्रास आहे, तर साबणाचा फेस नीट होत नाही आणि मानेवर पांढरट थर राहतो. अशा घरी शेवटचे दोन तांबे आरओ फिल्टरच्या पाण्याचे वापरले तरी फरक पडतो.

दाढीनंतर गार पाणी, हलक्या हाताने टिपणं, मॉइश्चरायझर. स्पिरीटचा वास असलेलं आफ्टरशेव्ह नको. तुरटी रक्त थांबवते हे खरं, पण कातडी आवळून कोरडी करते. कापलं तर तेवढ्यापुरती लावा.

ज्यांच्या नोकरीत खुंट चालतात, त्यांनी वस्तरा सोडून ट्रिमर घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. अर्धा ते एक मिलिमीटर केस ठेवले तर ते कातडीखाली जात नाहीत आणि दोन दिवसांची नीटनेटकी दाढी वाटते. एवढ्या एका बदलाने स्क्रबची गरजच न उरलेले लोक मी पाहिले आहेत.

सलूनमध्ये काय सांगायचं

सलूनवाल्या भाऊंचा हात उत्तम असतो, पण गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून ते स्वतःहून उलटा हात मारतात. खुर्चीत बसल्या बसल्या सांगा: एकच हात, सरळ, मानेवर उलटा नको, कातडी जास्त ताणू नका. वस्तऱ्यात अर्धं पातं नवीन घालतात ते तुमच्या डोळ्यांसमोर घालून घ्या. पुळ्यांपुरतं हे नाही, रक्तातून पसरणाऱ्या काविळीसारख्या आजारांसाठीही ते हवंच. दुकानातला तुरटीचा खडा दिवसभर सगळ्यांच्या मानेवर फिरतो, तो नम्रपणे नाकारा. दाढीनंतर "स्क्रब मारून देऊ का?" असं विचारलं तर त्या दिवशी नको म्हणा. फेशियल करायचंच असेल तर दाढी नसलेल्या दिवशी करा.

नागपूरचा उन्हाळा आणि बाकीचे ऋतू

पुण्या-मुंबईच्या माणसाने सांगितलेला कार्यक्रम इथे मे महिन्यात जसाच्या तसा चालत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, हवा कोरडी, आणि दुचाकीवर निघायचं म्हणजे चेहऱ्याला दुपट्टा किंवा रुमाल बांधून, वर हेल्मेट. उन्हापासून तो दुपट्टा वाचवतो, म्हणून सोडू नका. पण घामाने ओला झालेला कापड आणि हेल्मेटचा पट्टा नेमका जबड्याखाली घासतो, जिथे पुळ्या येतात तिथेच. दुपट्टा मऊ सुती असू द्या, रोज धुवा, मानेला आवळून गाठ मारू नका. हेल्मेटचा पट्टा तर सैल ठेवता येत नाही, पण त्याच्यावर मऊ कापडाची खोळ चढवता येते. ऑफिसात पोचल्यावर मान साध्या पाण्याने धुऊन टिपली तरी खूप.

अ‍ॅसिड लावलेली कातडी उन्हात लवकर काळवंडते. आपली गव्हाळ-सावळी कातडी सूज उतरल्यावर डाग धरून ठेवते, आणि ऊन त्या डागाला पक्कं करतं. म्हणून अ‍ॅसिड वापरणाऱ्याने सकाळी सनस्क्रीन लावलंच पाहिजे, एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहऱ्याला आणि मानेलाही. बहुतेक जण मान विसरतात. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत मी तर सांगतो, बाटलीतलं अ‍ॅसिड बंद ठेवा, फक्त धुऊन टाकायचा फेसवॉश आणि पंचाचा तुकडा, तोही आठवड्यातून एकदाच.

पावसाळ्यात चिकचिक वाढते, तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा घासलं तरी कातडी सहन करते, फक्त बुरशी नाही ना ते बघा. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो आणि कातडी फुटते. फुटलेल्या कातडीवर स्क्रब किंवा अ‍ॅसिड नको. आधी पंधरा दिवस मॉइश्चरायझर, मग सुरुवात.

तुळशीच्या लग्नानंतर नवरदेव मंडळी यायला लागतात, कधी लग्नाला चार दिवस असताना. चार दिवसांत मान साफ होत नाही. तारीख ठरली की किमान सहा आठवडे आधी सरळ हाताची दाढी आणि हलका स्क्रब सुरू करा. लग्नाच्या आठवड्यात नवी बाटली उघडू नका. हळदीच्या दिवशी बहिणी-वहिन्या जोरात हळद रगडतात, म्हणून दाढी हळदीआधी न करता नंतर, लग्नाच्या सकाळी करा.

केस दिसतोय, काढू का?

दहा मिनिटं गरम पाण्यात बुडवून पिळलेलं कापड पुळीवर ठेवा. कातडी मऊ होते आणि वरच असलेला केस कधी कधी आपोआप सुटतो. केसाची कमान वर स्पष्ट दिसत असेल तर स्पिरीटने पुसलेल्या नव्या सुईने ती कमान फक्त उचलायची, म्हणजे टोक बाहेर येतं. तिथेच थांबायचं. चिमट्याने मुळापासून उपटायचा नाही, कारण पुढचा केस त्याच नळीतून आणखी आतून, आणखी वाकडा उगवतो. केस दिसत नसेल तर खणायचं नाही. नखाने फोडलेल्या पुळीचा डाग महिनोन्महिने राहतो, आणि ज्यांना जखमेवर जाड गाठ धरायची सवय आहे त्यांना तर तिथे कायमची गाठ होऊ शकते.

ज्या ट्यूबमुळे मला राग येतो

पुळ्या दोन दिवसांत बसवणारी ट्यूब सगळ्यांना माहीत असते. मित्राने दिलेली, शेजारच्या वहिनींनी गोरं होण्यासाठी आणलेली. तिच्यात स्टिरॉइड असतं, कधी सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषधही. सूज लगेच उतरते, माणूस महिनोन्महिने लावत राहतो. मग कातडी पातळ होते, लाल रेघा दिसतात, उन्हात आग होते, बुरशी असेल तर आकार बदलून पसरते, आणि ट्यूब थांबवली की सगळं दुप्पट उसळतं. डॉक्टर थोड्या दिवसांसाठी सौम्य स्टिरॉइड देतात, ती वेगळी गोष्ट. चिठ्ठीशिवाय मी ही ट्यूब देत नाही, गिऱ्हाईक चिडून पुढच्या दुकानात गेलं तरी. तुमच्या दुकानदाराने न विचारता दिली तरी तुम्ही घेऊ नका. डब्यावरच्या घटकांत बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ती ट्यूब तुमच्या मानेसाठी नाही.

बहिणींसाठी दोन ओळी. हनुवटीवर राठ केस येतात, ते काढले की पुळ्या, असा त्रास असेल तर वरचा सगळा भाग लागू आहे. वॅक्सिंग आणि थ्रेडिंगनेही केस रुततात. मात्र केस अचानक वाढले असतील, पाळी अनियमित असेल, तर आधी हार्मोनची तपासणी करून घ्या.

दोन महिने करूनही येत असतील तर

ताप, पसरणारी लाली, पू, जाड होत जाणारे डाग, यापैकी काही असेल तर दोन महिने थांबूच नका. एरवी दाढी सुधारून, स्क्रब नेमाने करून सहा-आठ आठवड्यांत फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), दोन्हीकडे त्वचारोग विभाग आहे, मिहानच्या एम्समध्येही. खाजगी दवाखान्याची फी परवडत नाही म्हणून मान सडवू नका.

डॉक्टर रात्री लावायला अ‍ॅडापलीन किंवा ट्रेटिनॉइन देऊ शकतात, ते छिद्र बंद होऊ देत नाही. त्यासोबत तुमचं अ‍ॅसिड चालू ठेवायचं की थांबवायचं ते त्यांनाच विचारा, दोन्ही एकत्र फार जळतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड दिलं तर उशीला पांढरा अभ्रा घाला, रंगीत कापडाचा रंग ते उडवतं. रोजच्या दाढीची सक्ती असलेल्या नोकरीत काही आठवडे ट्रिमरची मुभा मिळावी म्हणून डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागता येतं. पोलीस प्रशिक्षणातल्या त्या मुलाला मी तेही सुचवलं होतं.

सगळं करून थकलेल्यांसाठी लेझर आहे. केसच विरळ आणि बारीक झाले की रुतणार कोण? खर्चिक आहे, अनेक बैठका लागतात, प्रत्येक चार-सहा आठवड्यांनी, आणि पांढऱ्या केसांवर चालत नाही. सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित मानलं जातं, चुकीच्या यंत्राने कातडी भाजते. म्हणून ब्युटी पार्लरच्या सवलतीला भुलू नका, यंत्र कोणतं आणि चालवणार कोण ते आधी विचारा. डॉक्टरांकडे जाताना गेल्या दोन-तीन महिन्यांत मानेला लावलेली प्रत्येक ट्यूब आणि बाटली पिशवीत घालून सोबत न्या, रिकामी झाली असेल तरी.